जगाचा कारभार आणि तक्रारीचं दार

(राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांनी ‘राजकीय सिद्धान्त आणि जागतिक शासनव्यवहार’ या विषयावर भरवलेल्या परिषदेच्या समारोपात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



तुमचं आमंत्रणपत्र आलं तेव्हा मी आमच्या संघटनेच्या कार्यालयात होते. कार्यालय म्हणजे वस्तीतली दहा बाय बाराची खोली. आमची संघटना घरकामगार बायकांची. दुपारी दोन ते चार हीच त्यांची मोकळी वेळ. सकाळची धुणीभांडी आटोपलेली असतात आणि संध्याकाळच्या पोळ्यांची कामं सुरू व्हायची असतात. सात-आठ जणी बसल्या होत्या. मी पत्रातला विषय मोठ्यानं वाचला. कोणी काही बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर, ज्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो, त्यांनी विचारलं, “शासनव्यवहार म्हणजे कारभारच ना?”

मी म्हटलं, “हो. जगाचा कारभार.”

“मग ताई, कारभारी कोण?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. अक्का हसल्या. म्हणाल्या, “आमचे मालक होते तोवर मला चारचौघांत कारभारीण म्हणायचे. घर त्यांच्या नावावर, रेशनकार्ड त्यांच्या नावावर. मी नुसती म्हणायची कारभारीण.”

हा प्रश्न घेऊन मी काल सकाळपासून इथे मागच्या बाकावर बसले आहे. तुमचे निबंध मन लावून ऐकले. संयुक्त राष्ट्रं, जागतिक व्यापार संघटना, हवामानाचे करार, राष्ट्राच्या सीमा ओलांडणारं नागरिकत्व. अभ्यास भरपूर केला आहे तुम्ही, आणि तो करताना कोणाची भीड ठेवलेली नाही, हे मला आवडलं. पण एक गोष्ट खटकली. दोन दिवसांत बाईचा उल्लेख आला तो ‘स्त्रिया आणि विकास’ या एका सत्रात, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. बाकीच्या सत्रांत राष्ट्रं होती, संस्था होत्या, बाजार होता, माणूसही होता. बाई नव्हती. तेव्हा आज मी वेगळा ‘स्त्रियांचा विषय’ मांडणार नाही. तुमच्याच विषयाबद्दल बोलणार आहे, फक्त खालच्या बाजूनं बघून.

काल इमॅन्युएल कान्टचं नाव बरंच घेतलं गेलं. 1795 साली त्यानं शाश्वत शांततेवर निबंध लिहिला. राष्ट्रांनी संघ करावा, परक्या माणसालाही पृथ्वीवर कुठे गेलं तरी शत्रूसारखं वागवलं जाऊ नये, असा त्याचा विचार. जागतिक कारभाराच्या चर्चेत त्याला मूळपुरुष मानतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, 1797 साली, कायद्याच्या तत्त्वज्ञानावर लिहिताना त्यानं नागरिकांचे दोन भाग केले: सक्रिय आणि निष्क्रिय. मत देण्याचा अधिकार फक्त सक्रियांना. निष्क्रिय कोण? जे पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून आहेत ते. त्या यादीत घरगडी आहेत, आणि सगळ्या स्त्रिया आहेत. आमची अक्का त्या यादीत दोनदा बसते. बाई म्हणून एकदा, घरकामगार म्हणून एकदा.

मी हे कान्टला झोडपायला सांगत नाही. तो त्याच्या काळाचा होता, असं तुम्ही म्हणाल. पण मग शाश्वत शांततेचा विचारही त्याच काळाचा होता, तो आपण आजवर आणला. यादी मात्र विसरलो. ती यादी फाडली गेली का, की नुसती घडी घालून ठेवली आहे, हे बघणं सिद्धान्ताचं काम आहे. ते तपासायला मी तीन हकिकती सांगते.

पहिली हकिकत लेखणीची. 1927 च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. विषय होता स्त्रीशिक्षण. त्या परिषदेनं पुढे मतदानाचा हक्क, वारसा, विवाहाचं वय असे प्रश्न हातात घेतले. हंसा मेहता याच परिषदेत घडलेल्या कार्यकर्त्या, पुढे तिच्या अध्यक्षा झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर 1947-48 मध्ये भारताच्या प्रतिनिधी म्हणून त्या गेल्या. जाहीरनाम्याचा मसुदा समोर आला. पहिल्याच कलमात इंग्रजीत शब्द होते, सर्व ‘मेन’ स्वतंत्र आणि समान जन्मतात. इंग्रजीत ‘मेन’ म्हणजे पुरुषही आणि माणसंही. काहींचं म्हणणं, त्यात स्त्रिया आल्याच की. हंसाबाईंचं म्हणणं, आल्या नाहीत. उद्या कोणी तो शब्द धरून आम्हाला बाहेर काढेल. शब्द बदलला. 1948 चा जाहीरनामा ‘सर्व मानव’ म्हणतो तो असा.

एका शब्दानं काय होतं, असं वाटेल. आपण मराठीत बोलणाऱ्या बायकांना ते समजावून सांगावं लागत नाही. ‘माणूस’ हा शब्द आपण पुरुषाला किती सहज वापरतो! ‘तिचा माणूस कामाला गेलाय’ म्हणतो. बाईला माणूस म्हणवून घ्यायला इथे चळवळ करावी लागली. 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं, तो राजकीय सिद्धान्तच होता. त्यांनी कलम कोणाच्या हातात आहे आणि दोष कोणाच्या नावावर लिहिला जातो, हेच विचारलं होतं. तुमच्या संदर्भग्रंथांच्या याद्यांत मला तो दिसला नाही.

तर ही पहिली हकिकत सुखाची आहे. खालून विचार वर गेला, शब्द बदलला. पुढच्या दोन तितक्या सुखाच्या नाहीत.

दुसरी हकिकत मणिबेलीची. तेव्हाच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातलं नर्मदाकाठचं आदिवासी गाव. सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी बुडायचं ते हेच. 1985 साली जागतिक बँकेनं या प्रकल्पाला 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. कर्जाच्या करारावर सह्या करणाऱ्यांपैकी कोणी मणिबेलीच्या बायकांना विचारायला आलं नव्हतं. पुनर्वसनाचे नियम 1979 च्या लवादाच्या निवाड्यातून आले होते. त्या निवाड्यात सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब, त्याला वेगळी जमीन. सज्ञान मुलगी म्हणजे वेगळं कुटुंब नव्हे. धरण बांधणाऱ्यांच्या हिशेबात ती बुडलीच नाही, कारण ती उभीच नव्हती.

लोक लढले. बायका पुढे होत्या. घाटीतून मुंबईला, दिल्लीला गेल्या, उपोषणं केली, लाठ्या खाल्ल्या. आवाज वॉशिंग्टनपर्यंत गेला. बँकेला 1991 मध्ये स्वतंत्र पाहणी समिती नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स तिचे अध्यक्ष. 1992 च्या जूनमध्ये समितीनं अहवाल दिला. पुनर्वसनाबाबत आणि पर्यावरणाबाबत बँकेनं स्वतःचेच नियम पाळलेले नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. 1993 च्या मार्चमध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. त्याच वर्षी सप्टेंबरात बँकेच्या संचालक मंडळानं एक तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या पैशानं चाललेल्या प्रकल्पामुळे नुकसान होत असेल तर जगातल्या कुठल्याही देशातली दोन माणसं त्या मंडळाकडे तक्रार करू शकतात, सरकारला मध्ये न घेता. जागतिक कारभारात असं दार त्याआधी नव्हतं. त्यामागे अनेक कारणं होती, पण नर्मदेचा लढा त्यातलं मोठं कारण होतं.

आता पुढे ऐका. ज्या वर्षी हे दार उघडलं त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. आणि ते दार मणिबेलीला उपयोगाचं नव्हतं, कारण बँक तर आधीच निघून गेली होती. तक्रार करायची कोणाविरुद्ध? 1994 मध्ये जगभरातल्या तीनशेहून अधिक संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं मणिबेलीचं. गावाचं नाव जगभर गेलं. गाव पाण्यात गेलं. धरणाचं लोकार्पण 2017 मध्ये झालं.

तिसरी हकिकत तुम्हाला माहीत असेल, निदान तिचा निकाल माहीत असेल. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी. कुंभार समाजातल्या. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करायच्या, म्हणजे गावात फिरून बायकांशी बोलायचं, सरकारनंच सांगितलेल्या गोष्टी समजावायच्या. बालविवाह थांबवायला गेल्या. वरच्या जातीच्या लोकांना ते सहन झालं नाही. 1992 च्या सप्टेंबरात त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये खालच्या न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. अपील उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं पडून राहिलं.

बायकांच्या संघटना मात्र गप्प बसल्या नाहीत. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात वेगळा प्रश्न नेला. ही बाई काम करताना, कामामुळे मार खाते, अत्याचार सोसते. मग कामाच्या जागी तिला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कोणाची? या देशात त्यावर कायदाच नव्हता. पण भारतानं एक आंतरराष्ट्रीय करार मान्य केला होता. स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव नाहीसे करण्याचा करार, ज्याला आपण सगळ्याजणी ‘सीडॉ’ म्हणतो. संयुक्त राष्ट्रांनी तो 1979 मध्ये स्वीकारला, भारतानं 1980 मध्ये सही केली आणि 1993 मध्ये तो मान्य केला. 1995 मध्ये बीजिंगच्या परिषदेत सरकारनं आणखी आश्वासनं दिली होती. 13 ऑगस्ट 1997 रोजी न्यायालयानं ‘विशाखा’ निकाल दिला. देशात कायदा नसेल, आणि आंतरराष्ट्रीय करार आपल्या मूलभूत हक्कांशी सुसंगत असेल, तर त्या हक्कांचा अर्थ लावताना तो करार वाचला पाहिजे, असं त्यात म्हटलं. बीजिंगच्या आश्वासनांचाही उल्लेख आहे. तीन न्यायमूर्तींच्या त्या पीठावर सुजाता मनोहर होत्या. संसदेनं कायदा करेपर्यंत न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं कायद्यासारखी चालली. कायदा यायला 2013 उजाडलं. सोळा वर्षं.

राजकीय सिद्धान्ताच्या विद्यार्थ्यांना हा निकाल फार महत्त्वाचा वाटला पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये लिहिलेला कागद दिल्लीच्या न्यायालयात कायदा झाला, तो एका खेड्यातल्या कुंभार बाईमुळे. आज शहरातल्या चकचकीत कार्यालयात एखादी मुलगी वरिष्ठाविरुद्ध तक्रार देते, ती भंवरीदेवींच्या खांद्यावर उभी राहून देते. आणि भंवरीदेवींना काय मिळालं? देशातल्या सगळ्या नोकरदार बायकांना त्यांच्यामुळे नियम मिळाला. त्यांना स्वतःला न्याय मिळाला नाही.

मणिबेली आणि भटेरी, दोन्ही ठिकाणी तेच दिसतं. नियम जिच्यापासून जन्माला येतो, तिच्यापर्यंत पोचत नाही. वर जाताना तिचं दुःख लागतं, पुरावा म्हणून, साक्ष म्हणून, फोटो म्हणून. खाली येताना नियम मधल्या मजल्यांवर थांबतो. ज्यांच्याकडे पत्ता आहे, पगारपत्रक आहे, वकील आहे, त्यांच्यापाशी.

कोणी म्हणेल, मग हे करारबिरार सगळं ढोंग आहे, सोडून द्या. आमच्या चळवळीतही असं म्हणणाऱ्या आहेत, आणि त्यांच्याकडे कारणं आहेत. 1991 नंतर ‘संरचनात्मक समायोजन’ नावाचं जे औषध आलं तेही जागतिक कारभारातूनच आलं. आपले मुंबई-सोलापूरचे कापडाचे कामगार आधीच देशोधडीला लागले होते, त्यात कायम नोकऱ्या आणखी आटल्या. घर चालवायला बायका धुण्याभांड्याला बाहेर पडल्या. आमच्या संघटनेतल्या कितीतरी जणी त्या काळात या कामात आल्या. तेव्हा जागतिक म्हटलं की चांगलं, असं मी मानत नाही. एकाच टेबलावरून हक्कांचा करारही येतो आणि कर्जाच्या अटीही येतात. पण फरक बघा. कर्जाच्या अटी पाळल्या गेल्या की नाही हे बघायला माणसं येतात, तारखा ठरतात, हप्ता थांबतो. हक्कांच्या कराराचं काय?

सीडॉच्या कराराप्रमाणे सरकारनं दर चार वर्षांनी अहवाल द्यायचा असतो. तेवीस तज्ज्ञांची समिती तो तपासते. भारताच्या अहवालावर पहिली चर्चा 2000 साली झाली, नंतर 2007, नंतर 2014. बायकांच्या संघटनांनी समांतर अहवाल लिहिले, स्वतःच्या खर्चानं माणसं पाठवली, म्हणून त्या चर्चेत काही दम आला. आणि करार मान्य करतानाच सरकारनं खाली बारीक अक्षरात लिहून ठेवलं आहे: रूढी बदलण्याचं कलम आणि विवाहातल्या समानतेचं कलम आम्ही पाळू, पण कुठल्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या धोरणाला धरून. इथे मला तुम्हाला विचारायचं आहे. सिद्धान्तात ‘संमती’ या शब्दावर तुम्ही सेमिनार घेता. या वाक्यातल्या ‘समाजा’ची संमती कोण देणार? भटेरीची संमती भंवरीदेवींना विचारली असती, की त्यांच्यावर हात टाकणाऱ्यांना?

वैयक्तिक तक्रार थेट त्या समितीकडे नेता यावी म्हणून 1999 मध्ये एक पूरक करार झाला. भारतानं त्यावर सहीच केलेली नाही. म्हणजे घर बांधलं, पाटी लावली, दार बसवलं नाही.

आता माझ्या कामाकडे येते, कारण वरच्या सगळ्या गोष्टींची परीक्षा तिथे होते.

घरकामगार बाईला आपण काय म्हणतो? मोलकरीण म्हणणं आता बरं दिसत नाही. कामवाली म्हणतो, बाई म्हणतो, हल्ली ‘मावशी’ म्हणतो. प्रेमानं म्हणतो. पण मावशीला कोणी पगारी रजा देत नाही, आणि मावशी भाच्याविरुद्ध तक्रार करत नाही. नात्याचं नाव दिलं की कामाचं नातं झाकतं. आम्ही ‘घरकामगार’ हा शब्द लावून धरला तो यासाठी. महाराष्ट्रात 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तो कितीतरी मोर्चांनंतर.

लैंगिक छळाच्या कायद्याचं विधेयक 2010 मध्ये आलं तेव्हा त्यातून घरकामगार बायकांना वगळलं होतं. घर ही खाजगी जागा, तिथे कामाच्या ठिकाणाचा कायदा कसा लावायचा? कान्टची यादी आठवा. दोनशे वर्षं उलटली तरी घडी घालून ठेवलेलीच होती. संघटनांनी आरडाओरड केली, संसदेच्या स्थायी समितीनं शिफारस केली, आणि शेवटच्या कायद्यात आम्ही आलो. दरम्यान 2011 च्या जूनमध्ये जिनीव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांसाठी करार क्रमांक 189 मंजूर केला. 396 मतं बाजूनं, 16 विरोधात, 63 तटस्थ. ही संघटना 1919 पासूनची, भारत तिचा स्थापनेपासूनचा सभासद. त्या परिषदेत देशोदेशीच्या घरकामगार बायका स्वतः हजर होत्या, हे त्या कराराचं वैशिष्ट्य. घरकाम हे काम आहे, तिला आठवड्याला सलग चोवीस तासांची सुट्टी हवी, छळापासून संरक्षण हवं, असं तो म्हणतो. भारतानं तो मान्य केलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या जानेवारीत घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. म्हणजे करारानंतर चौदा वर्षांनी प्रश्न पुन्हा समितीपाशी.

2013 च्या कायद्यात मात्र आम्ही आहोत. कसे आहोत ते सांगते. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती. त्याहून लहान जागा आणि घरकामगार यांच्यासाठी जिल्ह्याला एक स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत, लेखी. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची. शहरात प्रत्येक वॉर्डाला आणि गावाकडे तालुक्याला एक अधिकारी नेमायचा, त्यानं तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची. कागदावर दार घराजवळ आणलं आहे.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही आमच्या एका सभासद बाईला घेऊन गेलो. वय तेवीस. मालकिणीच्या भावानं हात धरला होता. तिला एका दिवसाचं चार घरांचं काम बुडवावं लागलं. कार्यालयात पहिल्या खोलीतल्या माणसानं दुसऱ्या खोलीत पाठवलं, दुसरीतल्यानं तिसरीत. तिसऱ्या खोलीतल्या बाईंनी विचारलं, “कसली समिती?” मी कायद्याचं नाव सांगितलं. त्यांनी आतून एक पाटी आणून दाखवली. पाटीवर नावं होती. मुदत संपून वर्ष झालं होतं. तिथल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आम्हाला चहा विचारला. पण आमची तक्रार घेणार कोण, हे त्या सांगू शकल्या नाहीत.

परतताना एसटीत ती मुलगी म्हणाली, “ताई, नवीन नावं लागली की सांगा.” तीन महिन्यांची मुदत मात्र नावं लागायची वाट बघत नाही.

आणि समिती असती तरी? नोकरदार बाईच्या तक्रारीची समिती स्वतः चौकशी करते. घरकामगार बाईची तक्रार प्रथमदर्शनी खरी वाटली तर सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची, असं कायदा सांगतो. आम्ही समितीची मागणी केली होती ती पोलीस ठाण्याची पायरी टाळता यावी म्हणून. फिरून आम्ही त्याच पायरीशी.

तुम्हाला वाटेल, हा तर प्रशासनाचा ढिसाळपणा, यात सिद्धान्त कुठे आला? मी म्हणते, सगळा सिद्धान्त इथेच आहे. जिनीव्हापासून त्या तिसऱ्या खोलीपर्यंत एक साखळी आहे आणि तिची शेवटची कडी म्हणजे एक पाटी. ती पाटी जुनी असेल तर वरचा सगळा कारभार हवेत आहे. सत्ता कायदेशीर कशानं ठरते, हे तुम्ही संमतीवरून, प्रतिनिधित्वावरून, विचारविनिमयावरून तपासता. त्यात एक कसोटी वाढवा. जिच्या नावानं नियम केला, तिला एका दिवसाच्या मजुरीच्या आत तक्रारीचं दार सापडतं का? सापडत नसेल तर तो नियम तिच्यापुरता अजून झालेलाच नाही.

आणि ही कसोटी इथूनच सुरू करू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे याबाबतचे 2015 चे नियम आहेत. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत तक्रार समिती हवी, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीत पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तीन पातळ्यांवरचे तीन विद्यार्थी हवेत, तेही निवडून आलेले. काल चहाच्या वेळी मी सहज सात-आठ जणांना विचारलं, तुमचे तीन प्रतिनिधी कोण? एका मुलीला एक नाव माहीत होतं. बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. संशोधक विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती, प्रबंध, शिफारसपत्र, सगळं एका माणसाच्या सहीवर असतं. घरकामगार बाईची अवस्था याहून फार वेगळी नसते. तिची तक्रार गेली तर चार घरं जातात, तुमची गेली तर चार वर्षं जातात. जगाच्या कारभारावर निबंध लिहिणाऱ्या विभागात विद्यार्थिनीला तिसरी खोली शोधावी लागू नये.

मला तुमच्याकडून सहानुभूती नको आहे. काम हवं आहे, आणि ते तुमच्याच विषयातलं आहे. आमच्या जिल्ह्यांतल्या स्थानिक समित्या आहेत का, मुदतीत आहेत का, वॉर्डातले अधिकारी कोण, किती तक्रारी आल्या, याची माहितीच्या अधिकारात मागणी करा. समितीनं वर्षाचा अहवाल द्यायचा असतो, तो मागा. जिल्ह्यागणिक एकेका विद्यार्थ्यानं हे केलं तरी पुढच्या वेळी सीडॉसाठी समांतर अहवाल लिहिताना आम्हाला हातात काहीतरी असेल. करार क्रमांक 189 मराठीत आणा. कायद्याच्या मराठीत नको, आमच्या दुपारच्या बैठकीत वाचता येईल अशा मराठीत. आणि हंसाबाईंसारखं, जो शब्द खटकेल तिथे थांबा, आम्हालाही विचारा.

संघटनांतल्या मैत्रिणींना हे भाषण छापून वाचायला मिळेल, म्हणून त्यांच्यासाठीही दोन शब्द. आपण मोर्चे काढतो, कायदा होतो, आपण पेढे वाटतो आणि पुढच्या मोर्चाला लागतो. पाटी बघायला परत जात नाही. मीही गेले नव्हते. ती तेवीस वर्षांची मुलगी आली नसती तर मला कळलंही नसतं की वर्षभर तिथे समितीच नव्हती. तो हिशेब सरकारचा आहे तसा माझाही आहे. आपल्या प्रत्येक गटानं आपल्या जिल्ह्याची पाटी दर सहा महिन्यांनी जाऊन बघावी, नावं उतरवून आणावीत, मुदत कधी संपते ते भिंतीवर लिहून ठेवावं. हे काम कंटाळवाणं आहे. पण जागतिक कारभार शेवटी अशा कंटाळवाण्या कामांवरच टिकतो किंवा कोसळतो.

निघताना अक्का मला म्हणाल्या होत्या, “ताई, परत आलात की सांगा, कारभारी कोण ते.” मी उद्या दुपारी दोन वाजता त्या खोलीत असेन. तुमच्यापैकी कोणी माझ्याबरोबर आलं, हातात जिल्ह्याचं नाव आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन, तर उत्तर द्यायला मला सोपं जाईल.